शिडी सोडायची नाही

भोंगे लावायच्या धंद्यात नियम कुठे लिहून ठेवलेले नसतात. ते मार खाऊन अंगात मुरतात. गोरक्ष आणि धम्मपालच्या साउंड सर्व्हिसमध्ये असा एकच नियम पक्का होता. एकजण वर चढला, की दुसऱ्यानं शिडी सोडायची नाही. फोन वाजू दे, लघवी लागू दे, खुद्द नवरदेवाचा बाप बोलवायला येऊ दे. खालच्याचा एक पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर आणि दोन्ही हात दांड्यांवर. वरच्याच्या तोंडात स्क्रू असतात, हातात पक्कड असते, त्याला खाली बघायला सवड नसते. म्हणून तो मधूनच नुसता ओरडतो, "हाय का?" आणि खालच्यानं म्हणायचं, "हाय."

हा नियम घोटीत जन्मला. धंदा नवा होता. बाजारपेठेत एका कपड्याच्या दुकानाचं उद्घाटन होतं. धम्मपाल वर भोंगा आवळत होता आणि गोरक्ष तंबाखूची पुडी आणायला फक्त दोन मिनिटं बाजूला झाला. शिडी सरकली. धम्मपालचं खांद्याचं हाड मोडलं. त्यानंतर गोरक्षनं तंबाखू काही सोडली नाही, पण शिडी परत कधी सोडली नाही.

याला बारा वर्षं झाली. गोरक्ष सायखेड्याचा, शेतकऱ्याच्या घरचा, दहावीत दोनदा आपटलेला. धम्मपाल सातपूरकडच्या कॉलनीतला, आयटीआय केलेला, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत आईबरोबर, लताबाईबरोबर राहणारा. सुरुवातीला सायखेड्यात कुजबुज झाली, की गोरक्ष त्यांच्या घरात जेवतो. गोरक्षनं पारावर जाऊन सांगितलं, "जेवतो. लताबाईची बोंबलाची चटणी खाल्ली तर तुम्हीपण रांग लावाल." कुजबुज थांबली नाही. पण गोरक्षला ऐकू यायची थांबली.

पहिल्यांदा धम्मपालचं डोकं बिघडलं ते मागच्या वर्षी दिवाळीनंतर. कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय, जेवणात काहीतरी घालतंय, असं म्हणायला लागला. चार रात्री झोपला नाही. तेव्हा पुढं झाले त्याचे मोठे चुलते, निवृत्तीनाना. तलाठी ऑफिसातून रिटायर झालेले, पांढरा शर्ट, खिशाला निळं पेन. दर जयंतीला स्टेजवर उभे राहून बावीस प्रतिज्ञा एका दमात म्हणणार, एक शब्द अडखळणार नाही. देव मानणार नाही, कर्मकांड करणार नाही, सगळं पाठ. आणि हाच माणूस पुतण्याला अंधारात जीपमध्ये घालून डोंगरातल्या एका बाबाकडे घेऊन गेला. अकरा दिवस. पायाला साखळी. नाकाखाली मिरच्यांची धुरी. गोरक्षला सांगितलं, "मामाकडे गेलाय, हवापालटाला."

बाराव्या दिवशी गोरक्षला खरं कळलं. तो टेम्पो घेऊन गेला आणि बाबाच्या दारात असं काही बोलला, की ते इथं लिहिता येणार नाही. धम्मपालला त्यानं सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. स्किझोफ्रेनिया. नाव लांबलचक, पण गोळ्या छोट्या. तीन आठवड्यांत धम्मपालनं स्वतःहून अंघोळ मागितली, पाचव्या आठवड्यात अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसला. पाय मोडला तर प्लास्टर, आणि डोकं बिघडलं तर साखळी! गोरक्ष हे पुढं महिनाभर भेटेल त्याला ऐकवत होता. लोक मान हलवायचे आणि विषय बदलायचे.

दवाखान्यातून निघताना तिथल्या समाजसेविका तेजल मॅडम म्हणाल्या होत्या, "बरे आहात तेव्हाच लिहून ठेवा, परत त्रास झाला तर तुमच्या वतीनं कुणी बोलायचं ते. कायद्यात सोय आहे. साधा कागद चालतो. आणि तो माणूस नातेवाईकच पाहिजे असं नाही."

धम्मपालनं तिथंच बाकावर बसून लिहिलं. अक्षर त्याचं मोत्यासारखं. 'माझे डोके पुन्हा बिघडले तर मला बांधायचे नाही. बाबाकडे न्यायचे नाही. खोटे सांगून कुठे न्यायचे नाही. खरे सांगून दवाखान्यात न्यायचे. माझ्या वतीने गोरक्ष बोलेल.' खाली सही. गोरक्षची सही. साक्षीदार म्हणून लताबाईची सही, जोडाक्षर चुकलेली. गोरक्षनं तो कागद टेम्पोच्या कागदपत्रांत ठेवला. पीयूसी, इन्शुरन्स आणि हा.

गोळ्यांनी धम्मपालचे हात थरथरायचे. सोल्डरिंगचा थेंब जागेवर पडेना, दोन मशीनं त्याच्या हातून जळाली. फेब्रुवारीत एक दिवस त्यानं एका दमात सहा सांधे सोल्डर केले, एकदम सरळ. गोरक्षनं पाठीत थाप मारली. "वा रे पठ्ठ्या! हात बसला की परत!"

धम्मपाल हसला. गोळ्या बंद केल्यात हे तो बोलला नाही आणि गोरक्षनं विचारलं नाही. सीझन तोंडावर होता, ऑर्डरी होत्या. आपण नेमकं कशाला शाबासकी दिली, हे गोरक्षला नंतर कळलं आणि मग ती थाप त्याच्या स्वतःच्या तळहाताला बरेच दिवस टोचत राहिली.

एप्रिल लागला. चौदा तारखेला जयंती. कॉलनीच्या विहारासमोरच्या लोखंडी खांबावर चार भोंगे लागले. त्याच आठवड्यात धम्मपाल गोडाऊनमध्ये येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"गोऱ्या, भोंगा माझं नाव घेतो."

"कोणता भोंगा?"

"तो." कोपऱ्यात ठेवलेल्या जुन्या भोंग्याकडे त्यानं बोट केलं.

आता दुसरा कुणी असता तर घाबरला असता. गोरक्ष साउंडवाला. आवाज येतोय म्हणजे कुठून तरी येतोय, आणि फॉल्ट काढायचा तर मुळापासून निघायचं, हे त्याच्या हाडात बसलेलं. त्यानं आधी माईकचा जॅक काढला. "आता?"

"येतोय."

मशीन बंद केलं. "आता?"

"येतोय."

मेन स्विच पाडला. धम्मपाल नुसती मान हलवत राहिला. तेव्हा गोरक्षनं पक्कड घेतली, भोंग्याच्या मागची वायर कचकन तोडली आणि तुटलेलं टोक धम्मपालच्या नाकासमोर धरलं. "हे बघ! वायरच नाय. आता बोलतो का सांग!"

धम्मपालनं त्या टोकाला बोट लावून पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "म्हणजे त्याला वायर लागतच नाही."

आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते गोरक्षनं माणसाच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. आतापर्यंत आवाज एका भोंग्यात होता. आता तो कुठूनही येऊ शकत होता. पंख्यातून, नळातून, भिंतीतून. फॉल्ट काढायला गेला आणि गोरक्षनं आजाराला वायरीतून मोकळं सोडलं.

त्यानं त्याच संध्याकाळी तेजल मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आवाज खोटा आहे म्हणून भांडू नका. खरा आहे म्हणून होकारही देऊ नका. तुम्हाला ऐकू येत नाही एवढं सांगा, आणि जवळ राहा. उद्याच घेऊन या."

उद्या उजाडायच्या आत लताबाई घाबरल्या आणि त्यांनी दुसराच फोन लावला. निवृत्तीनानांना.

सकाळी साडेनऊला, धम्मपालला दवाखान्यात न्यायच्या आधी, गोरक्ष अंबडला दोन बॉक्स पोचवून निघतच होता, तेवढ्यात विहार झाडणाऱ्या रंगूबाईचा फोन आला. "गोरक्षभाऊ, लवकर या. तुमचा धम्मा खांबावर चढलाय. उतरतच नाय."

गोरक्ष पोचला तेव्हा विहारासमोर शंभरएक माणूस जमलेलं. निम्म्यांचे मोबाईल वर धरलेले. पंचवीस फुटी खांबाच्या टोकाला भोंग्यांच्या चौकटीला मिठी मारून धम्मपाल बसलेला. अनवाणी, बनियनवर. एक भोंगा त्यानं सोडवून खाली फेकला होता. तो फरशीवर चेपून पडला होता. दुसऱ्याचे नटबोल्ट तो नुसत्या बोटांनी पिळत होता. बोटांतून रक्त येत होतं. शिडी खांबाला टेकलेली, आणि शिडीखाली कुणीच नाही.

बारा वर्षांत पहिल्यांदा तो शिडी धरायला कुणी नसताना चढला होता.

शिडीपासून चार हातांवर निवृत्तीनाना उभे होते. पांढरा शर्ट, निळं पेन, आणि बाजूला गावाकडची दोन दांडगी माणसं. एकाच्या खांद्यावर पिवळ्या नायलॉनच्या दोराचं नवं कोरं भेंडोळं, दुकानाची चिठ्ठी अजून लटकत होती.

"चढा रे," नाना म्हणाले. "कमरेला फास टाका आणि घ्या खाली. जास्त तमाशा नको. चार दिवसांवर जयंती आहे, समाजाची इज्जत जाते इथं."

दोरवाला पुढं सरकला. गोरक्ष गर्दीतून घुसला, शिडीशी गेला, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि दोन्ही दांडे धरले.

"शिडी लागलीय," तो म्हणाला. "कुणी चढणार नाय."

"बाजूला हो गोरक्ष."

"नाय होत. रंगूबाई, आधी विहाराचा मेन स्विच पाडा. वर वायरी उघड्या पडल्यात."

रंगूबाई पळाल्या. एवढा वेळ शंभर जणांतल्या एकालाही ते सुचलं नव्हतं. व्हिडीओ काढायला मात्र सगळ्यांना सुचलं होतं.

गोरक्षनं वर बघितलं नाही. शिडी धरणारा वर बघत नाही, पायरीकडे बघतो. तो नुसता मोठ्यानं म्हणाला, "हाय."

वर बोटं नट पिळतच राहिली.

"हाय," तो परत म्हणाला. थोड्या वेळानं परत.

कुणीतरी हसलं. "हा पण गेला काय कामातून?"

"गोरक्ष," नाना जवळ आले, आवाज खाली आणून, ऑफिसात बोलतात तसे. "हे बघ, तू चांगला पोरगा आहेस. पण हा आमच्या घरातला मामला आहे. तू बाहेरचा. दुसऱ्या समाजाचा. तुला आमच्यातलं काय कळतं?"

"मला तुमच्यातलं काय कळतं?" गोरक्षनं मान वळवली. "नाना, बावीस प्रतिज्ञा मला तुमच्यामुळं पाठ झाल्यात. दरवर्षी तुमचा माईक मीच लावतो. त्यात कुठंय हो, पुतण्याला साखळीनं बांधून मिरच्या जाळाव्या? कितवी प्रतिज्ञा ती?"

नानांचे कान लाल झाले. "तोंड सांभाळ! बाबासाहेबांच्या नावाला हात लावतोस?"

"बाबासाहेबांच्या नावाला मी नाय, तुम्ही हात लावला. तोपण अंधारात, जीपमध्ये."

"कायदा आहे! चुलता आहे मी त्याचा!"

"कायदा माझ्या टेम्पोत हाय. पीयूसीच्या खाली." गोरक्षनं दांडे सोडले नाहीत. "त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय. बांधायचं नाय. बाबाकडे न्यायचं नाय. त्याच्या वतीनं मी बोलणार. आणि मी बोलतोय."

"साध्या कागदाला कोण विचारतं? त्याच्या आईला विचार! आईनं बोलवलंय मला!"

सगळ्यांनी लताबाईंकडे पाहिलं. त्या विहाराच्या पायरीवर बसलेल्या, पदर तोंडात कोंबलेला. नवरा गेल्यापासून या बाईनं नानांसमोर मान वर केली नव्हती. पोराचं शिक्षण, घराचा कागद, सगळं नानांना विचारून. त्या उठल्या. पदर तोंडातून काढला.

"बोलवलं मीच," त्या म्हणाल्या. "घाबरले म्हणून बोलवलं. पण दोर आणा म्हणून नव्हतं सांगितलं."

"लता, तू घरात जा."

"नाय जात. त्या कागदावर माझीपण सही हाय, नाना." त्या दोन पावलं पुढं आल्या. "मागच्या टायमाला अकरा दिवस मी डोंगर चढून त्याला भाकर पोचवली. साखळी बघितली, आणि मुकाट परत आले. आई मी त्याची. मुकाट परत आले! तेव्हा मेले नाय, आता काय मरते? गोरक्ष, शिडी सोडू नको रे."

"नाय सोडत मावशी."

आणि तेव्हाच वरून आवाज आला. घसा बसलेला, कोरडा.

"हाय का?"

गोरक्षनं दांडे आणखी आवळले. "हाय."

"नाना आलाय का?"

"नाही म्हण, नाही म्हण," मागून चारपाच जण फुसफुसले. जयंती कमिटीचा अश्विन तर थेट कानाशी आला. "भाऊ, सांग नाना गेले म्हणून. लग्नाची ऑर्डर आलीय म्हणून सांग. एकदा खाली आला की बघू."

गोरक्षनं त्याच्याकडे असं बघितलं की अश्विन दोन पावलं मागं गेला.

"आलाय," तो वर ओरडला.

"दोर आणलाय?"

"आणलाय. पिवळा हाय. नवा."

गर्दी हळहळली. भोंग्यांची चौकट करकरली, धम्मपाल आणखी वर सरकला. गोरक्षच्या मानेवरून घाम पाठीत उतरला. चुकलं का आपलं? पण त्या कागदावर लिहिलेलं होतं, खोटं सांगायचं नाही. माणूस शहाणा असताना दिलेला शब्द तो वेडा झाल्यावर मोडायचा, तर मग शब्द दिलाच कशाला होता?

"आणलाय दोर," तो पुन्हा म्हणाला. "पण शिडी माझ्या हातात हाय."

बराच वेळ गेला. ऊन डोक्यावर आलं. कुणीतरी पाण्याची बाटली पुढं केली. गोरक्षनं तोंड वर केलं आणि रंगूबाईंनी ती त्याच्या तोंडात ओतली. हात दांड्यांवरच. नाना खुर्ची मागवून सावलीत बसले. "बघू किती वेळ टिकतो," म्हणाले. तलाठी ऑफिसात तीस वर्षं लोकांना ताटकळत ठेवलेला माणूस. थांबणं त्यांच्या सवयीचं होतं, फक्त स्वतः उन्हात उभं राहणं नव्हतं.

"गोऱ्या." वरून.

"हाय."

"तो म्हणतो, तू मला विकलं."

"मला नाय ऐकू येत तो. तुला येतो, हे मला पटतंय. पण मला नाय येत."

"तू वायर तोडली. तेव्हापासून जास्त बोलतो."

"ती माझी चूक. गाढवपणा केला मी. वायरीतला फॉल्ट मला कळतो धम्मा, हा नाय कळला." त्यानं पायरीवरचा पाय घट्ट रोवला. "आणि हात बसला म्हणालो ना, ते पण चुकलं. हात थरथरला तरी चालतंय. मी धरीन सर्किटचा बोर्ड, तू सोल्डर कर."

शंभर माणसांसमोर गोरक्ष चुका कबूल करत होता, आणि त्याला त्याची काडीची लाज वाटत नव्हती. लाजायचं काम ज्यांचं होतं ते सावलीत बसले होते.

"दवाखान्यात न्यायचंय मला?"

"हो. तेजल मॅडमकडे. माझ्या टेम्पोत. पुढच्या सीटवर. दोर नाय, फसवाफसवी नाय. तू नको म्हणालास तर मी इथंच उभा हाय, तू वर बस. भूक लागली की मावशी भाकर पाठवतील, टोपलीनं वर ओढ."

वरून कसला तरी आवाज आला. हसण्यासारखा, पण तुटका.

"खाली लोक नकोत."

"ऐकलं ना?" गोरक्ष गर्दीवर कडाडला. "हटा! ते फोन खिशात घाला आधी. उद्या तुमच्या घरातलं कुणी असं वर चढलं तर मी व्हिडीओ काढायला येईन, ठेवू का ध्यानात?"

काही हटले. काही नुसते हलले. तेव्हा रंगूबाई झाडू घेऊन आल्या. "मला झाडायचंय! सरका!" आणि त्यांनी विहाराच्या अंगणातला सगळा धुरळा बायाबापड्या, पुढारी न बघता सगळ्यांच्या पायांवर असा उडवला, की मिनिटभरात रस्ता मोकळा झाला. नानांच्या पांढऱ्या पँटवरसुद्धा. त्यांच्यावर जरा जास्तच.

धम्मपाल उतरायला लागला. एक पाय चाचपडत खाली. थांबला.

"हाय का?"

"हाय."

पुढची पायरी. "हाय का?"

"हाय."

प्रत्येक पायरीला. मधल्या एका पायरीवर तो कान दाबून एवढा वेळ थांबला, की दोरवाला हळूच पुढं आला. लताबाई त्याच्या आडव्या गेल्या. नुसत्या उभ्या राहिल्या, पदर खोचून. तो माणूस लाजला म्हणा, घाबरला म्हणा, पण भेंडोळं जमिनीवर टाकून मागं फिरला.

शेवटच्या पायरीवर धम्मपालचा अनवाणी पाय गोरक्षच्या हातावर पडला. घोट्याभोवती साखळीचा वळ अजून काळा होता. गोरक्षनं तो बघितला, नानांनाही बघू दिला.

टेम्पोत धम्मपाल खिडकीशी, मध्ये लताबाई. आयटीआय सिग्नलला एक रिक्षा पुढं आली, टपावर भोंगा, साड्यांच्या सेलची जाहिरात. धम्मपालनं दाराची कडी ओढली. गोरक्षनं टेम्पो बाजूच्या गल्लीत घातला, इंजिन बंद केलं. तिघं तिथं अर्धा तास बसले, त्या साड्या लांब जाईपर्यंत. गोरक्षनं उसाचा रस आणला. धम्मपालनं ग्लासाचा वास घेतला, तसाच धरून ठेवला. गोरक्षनं त्यातला अर्धा पिऊन दाखवला. मग तो प्यायला.

दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "पेशंटशी नातं?"

"मित्र."

"तसं नाही चालत. मी भाऊ लिहितो."

"भाऊ लिहू नका. रक्ताची माणसं आज दोर घेऊन आली होती. मित्र लिहा."

"अहो, तो रकाना—"

"मित्र लिहा." कागद खिडकीतून आत गेला, पीयूसीसकट. गडबडीत.

डॉक्टरीण बाईंनी तो नीट वाचला. मग गोरक्षला नाही, लताबाईंना नाही, थेट धम्मपालला विचारलं, "तुमच्या वतीनं हे बोलले तर चालेल तुम्हाला?"

धम्मपाल छताच्या पंख्याकडे बघत होता.

"चालेल," तो म्हणाला. "तो शिडी सोडत नाही."

चौथ्या दिवशी जयंती. आदल्या दिवशी कमिटीच्या अश्विनचा फोन आला. "भाऊ, राग मानू नका, पण यंदा ऑर्डर दुसऱ्याला द्यावी म्हणतात नाना. लोक बोलतात, की..."

"लोकांना म्हणावं, मोठ्यानं बोला, माईक मी देतो. बारा वर्षं त्या खांबावर आमचे भोंगे हायत. उद्यापण आमचेच लागतील. ज्याला काढायचे त्यानं वर चढावं."

सकाळी गोरक्ष दवाखान्यातून थेट आला. धम्मपाल इंजेक्शननंतर बराच झोपला होता. उठल्यावर म्हणाला होता, "आवाज अजून हाय. पण आता लांबून येतो, नदीपलीकडून यावा तसा." मग विचारलं, "खांबावर कोण चढणार?" गोरक्ष म्हणाला, "मी." "आणि खाली?"

आता तो चेपलेला भोंगा ठोकून सरळ करून घेऊन आला होता. रंगूबाईंनी जपून ठेवलेला पिवळा दोर त्यानं भोंगे वर ओढायला घेतला. दोर चांगला होता, शिव्या त्याला कशाला द्यायच्या? शिडी खांबाला टेकवली आणि तो इकडेतिकडे बघायला लागला. कमिटीची पोरं लांब उभी राहून नखं बघत होती.

लताबाई पुढं आल्या. निळ्या काठाची पांढरी साडी, पदर खोचलेला. एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला, दोन्ही हातांनी दांडे धरले. बारा वर्षं बघितलेलं होतं त्यांनी. शिकवावं लागलं नाही.

गोरक्ष वर चढला. तोंडात स्क्रू, हातात पक्कड. पहिला भोंगा आवळताना त्यानं खाली न बघता आवाज दिला, "हाय का?"

"हाय!"

तेवढ्यात निवृत्तीनाना कडक इस्त्रीत आले, छातीला बिल्ला, हातात फुलांचा हार. स्टेजकडे जाणारी वाट नेमकी शिडीजवळून होती. सगळ्यांच्या देखत ते लताबाईंसमोर थांबले. वहिवाट अशी होती, की नाना आले की तिनं पदर सावरायचा, वाकायचं, जयभीम घालायचा, वाट द्यायची.

"लता," ते म्हणाले. "जरा बाजूला हो."

लताबाईंनी पायरीवरची नजर उचलली नाही.

"पलीकडून जा नाना," त्या म्हणाल्या. "शिडी धरलीय."